हेरंबच्या दिव्यापेक्षा लख्ख

३ नोव्हेंबर

पोचलो एकदाचा दिल्लीला. विश्वनाथकाका स्टेशनवर घ्यायला आले होते. बाहेर रिक्षावाल्याशी हिंदीत मीच वाद घातला, तेव्हा काका म्हणाले की चलो, पहिली परीक्षा पास. काका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. सगळी नोकरी केंद्र सरकारात गेली, त्यामुळे आर. के. पुरमचं क्वार्टर हेच त्यांचं गाव. वृंदाकाकूंनी आल्या आल्या गरम थालीपीठ वाढलं आणि इथली हवा किती वाईट आहे ते मोठ्या कौतुकाने सांगितलं.

क्वार्टर दुसऱ्या मजल्यावर आहे, आणि मला बाहेरची खोली मिळाली आहे. जाड भिंती, उंच छत, आणि दार थेट जिन्यावर उघडतं. दाराच्या वर काचेचा झरोका आहे. जिन्यातला दिवा त्यातून नेमका माझ्या उशीवर पडतो. काकू म्हणाल्या, कागद चिकटवून देते. मी म्हटलं, राहू दे, मला कशानेही झोप लागते.

खरं म्हणजे आज कशानेच लागणार नाही. उद्यापासून रुचिताबरोबर काम. ती दिल्लीत वाढलेली, पण एम. एस्सी.ला पुण्यात होती आणि दोन वर्षं प्रयोगशाळेत माझ्या शेजारच्या टेबलावर. उंचीने माझ्या खांद्यालाही लागत नाही, बोलते मात्र दोघांचं. तिच्या संस्थेला वटवाघळं मोजायला माणूस हवा होता. तिने फोन करून सांगितलं की आजा यार, मला तूच पाहिजेस. शेवटचे तीन शब्द मी पुण्याहून इथपर्यंत चघळत आलो आहे.

५ नोव्हेंबर

काम मजेचं आहे. गुरुग्रामच्या पलीकडे, अरवलीच्या टेकड्यांत एक भूमिगत पाणीटाकी आहे. कुठल्याशा वसाहतीसाठी बांधली, वसाहत झालीच नाही, आणि रिकाम्या टाकीत वटवाघळं राहायला आली. ती दिवसा छताला लटकून झोपतात, तेव्हा खाली उतरून मोजायची. पांढरा उजेड पडला तर बिचकतात, म्हणून लाल दिवा. लाल म्हणजे अगदी गडद लाल, ज्याच्या पुढे माणसालाही दिसेनासं होतं तो. तो त्यांना जवळजवळ दिसतच नाही. आपण त्यांच्या नाकाखाली उभे असतो आणि त्यांच्या लेखी अंधारच असतो.

तर असा दिवा इथे आहे. तो हेरंबने बनवला आहे.

हेरंब इथे आमच्याच कामावर आहे. वर्षभर आधीपासून. नागपूरचा, बारीक, बोलायला अगदी हळू. त्याने चार गडद लाल एलईडी कुठूनतरी मागवले, कॉम्प्युटरमधली जुनी अ‍ॅल्युमिनियमची जाळी त्यांच्यामागे बसवली म्हणजे ते तापून जळू नयेत, पुढे भिंगं लावली आणि सगळं एका पट्ट्यावर कपाळाला बांधलं. रुचिताने मला तो दाखवला तेव्हा दोन्ही हातांत धरून दाखवला. म्हणाली, बिल्कुल बाजारातल्यासारखा आहे ना. मी म्हटलं, हो, छान आहे. हेरंब नुसता हसला. माझ्यासाठी चहा त्यानेच आणला होता, हेही लिहून ठेवतो, नाहीतर मी उगाच वाईट लिहितोय असं वाटेल.

७ नोव्हेंबर

आज टाकीत उतरलो. लोखंडी झाकण, खाली शिडी, आणि खाली खांबांच्या रांगांमागून रांगा. वास असा की डोळ्यांत पाणी येतं. हेरंबने दिवा लावला. आधी काही दिसलंच नाही. मग हळूहळू सगळं छत हलतंय हे कळलं. हजारो वटवाघळं, दाटीवाटीने, झोपेत कुशी बदलणारी. एकालाही आमचा पत्ता नाही. मला ते इतकं आवडलं की क्षणभर हेरंबही आवडला.

पण दिवा एकच. तो पुढे, आणि अंधारात धडपडू नये म्हणून रुचिता त्याच्या पाठपिशवीचा पट्टा धरून. मी तिच्या मागे, भिंत धरून. ती चालताना त्याला काहीतरी कुजबुजायची आणि तो मान हलवायचा. दिव्याबरोबर सगळं छत हो म्हणतंय असं दिसायचं.

हेरंबचा नियम असा की तिसऱ्या रांगेतल्या खांबांच्या पलीकडे जायचं नाही. का, तर तिकडे मोजण्यासारखं काही नाही. मला दुरून दिसलं ते असं: तिकडे छतावर वटवाघळांच्या दाटीत एक मोठी गोल जागा मोकळी आहे. सगळीकडे खेटून बसलेली वटवाघळं तेवढी जागा सोडून का बसतात? ही तर खरी मोजण्यासारखी गोष्ट. मी विचारलं तर म्हणाला, नंतर सांगतो.

हा माणूस हातचं राखून वागतो. ही मोकळी जागा त्याला एकट्याला कागदावर आणायची आहे, स्वतःच्या नावाने. मला अशी माणसं लगेच कळतात.

१० नोव्हेंबर

ठरवलं. माझाही दिवा होणार.

मेट्रोने करोल बागेला गेलो. मोटारींच्या सुट्या भागांची गल्लीच आहे तिथे. ब्रेकलाइटचे लाल एलईडी मागितले तर दुकानदाराने हातावर लावून दाखवले आणि सांगितलं की भाईसाहब, पीछेवाला अंधा हो जाएगा. मला हेच हवं होतं. हेरंबचा लाल इतका गडद आहे की आपल्याच डोळ्यांना तो अर्धामुर्धा दिसतो. हा जरा नारिंगीकडे झुकतो, त्यामुळे तेवढ्याच बॅटरीवर कितीतरी लख्ख दिसतो. वटवाघळांना कदाचित थोडा जाणवेल. जाणवू दे. जराशा नारिंगीने कोणी मरत नाही.

मागे लावायला अ‍ॅल्युमिनियम हवं होतं. काकूंच्या इडलीपात्राची जुनी ताटली माळ्यावर पडली होती, ती कापली. तारांना डाग देताना दोन बोटं भाजली. डावीकडचा खालचा एलईडी मधूनच लवतो, विझून पुन्हा लागतो, डाग कोरडा बसलाय, पण बाकीचे तीन त्याची कसर भरून काढतात. गच्चीवरून समोरच्या पाण्याच्या टाकीवर झोत मारला तर खालून कोणीतरी विचारलं, शादी है क्या.

१४ नोव्हेंबर

आज रुचिताने माझा दिवा बांधून पाहिला. पट्टा तिला फार मोठा होतो. मी मागे उभं राहून घट्ट करून दिला. ऑफिसची सामानाची खोली बंद करून दोन्ही दिवे एकापाठोपाठ लावले. हेरंबच्या दिव्यात कपाटं दिसली. माझ्या दिव्यात कपाटांवरची लेबलं वाचता आली. ती म्हणाली की अरे यार, सही है, मला काय माहीत तुला हे येतं.

हेरंबच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, मी पाहिलं ना. त्याने खिशातून जुनी सीडी काढली, तिच्यावर माझा उजेड पाडला आणि त्यातून फुटलेला रंगांचा पट्टा निरखत बसला. मग म्हणाला की मानस, हा पुरेसा गडद नाही, पार नारिंगीपर्यंत पसरतोय, हा खाली नेऊ नकोस. मी म्हटलं, वटवाघळं उडाली तर उडाली, परत बसतील. तो म्हणाला की वटवाघळांचं म्हणत नाहीये मी. मग कोणाचं, हे विचारल्यावर सीडी खिशात टाकून निघून गेला.

माझंच म्हणतोय, हे मला कळलं. माझ्या दिव्यामुळे कोणाचं पोट दुखतंय तेही कळलं.

१८ नोव्हेंबर

हेरंबला ताप आला. त्याने स्वतःचा दिवा रुचिताकडे पाठवला, आणि निरोप की हाच वापरा, तिसऱ्या खांबांपर्यंतच जा. मी तिला म्हटलं, त्याचा दिवा पिशवीत असू दे, घालायचा माझा. ती तयार झाली. आज पट्टा कोणाच्याही पिशवीचा धरावा लागला नाही. मी तिच्या शेजारून चाललो.

तिसऱ्या खांबांपलीकडे गेलो. हा आग्रह माझा होता, हे खरं आहे.

वटवाघळं चुळबुळायला लागली होती, काही सुटून उडाली. मोकळ्या जागेच्या मधोमध काहीतरी लोंबत होतं. घडी करून टांगलेल्या ताडपत्रीसारखं, माणसापेक्षा बरंच लांब. रुचिताने मान वर केली आणि झोत त्याच्यावर स्थिर धरला. मग त्याची एक घडी उलगडली. आत तोंड होतं. ते सावकाश फिरलं आणि नेमकं रुचिताच्या कपाळाकडे पाहत राहिलं. दोन मोठे, ओले डोळे. त्या दोन्ही डोळ्यांत मला माझे चारही एलईडी मोजता आले, डावीकडचा खालचा लवत होता.

आम्ही ओरडलो नाही. रुचिता हळूच म्हणाली, चलो, वर जाऊ. गेलो. वर उन्हात बसून तिने ठरवलं की ती ताडपत्रीच होती, जुन्या बांधकामातली, आणि वारा. मी हो म्हटलं. टाकीत वारा नसतो, हे तिलाही माहीत आहे. स्वतःच्याच बोलण्यावर ती नको इतकी हसली.

२० नोव्हेंबर

रुचिता आज हेरंबशी फोनवर तासभर बोलली. मला म्हणाली, तबियत विचारत होते. तासभर?

संध्याकाळी हेरंब इथे क्वार्टरवर आला, तापातच. काकूंनी त्याला आल्याचा चहा दिला, बाळ, किती वाळलायस म्हणाल्या. मला आल्यापासून कोणी वाळलेला म्हटलेलं नाही.

तो जे बोलला ते जसंच्या तसं लिहितो. म्हणाला की छताला लोंबणारं ते त्याने उन्हाळ्यातच पाहिलं. अनेकदा, अगदी जवळून. हेरंबच्या दिव्याचा लाल त्याला दिसत नाही, त्यामुळे हेरंब त्याच्याखाली उभा राहिला तरी ते झोपलेलं असायचं. एकदा झाकण उघडं राहून उन्हाची तिरीप आत आली, तेव्हा ते तिच्याकडे सरकत गेलं आणि नुसत्या उजेडावर तोंड घासत राहिलं. उजेडाची त्याला ओढ आहे. आजवर उजेड म्हणजे त्याच्यासाठी वरचं भोक. परवा पहिल्यांदा त्याला कळलं की उजेडाखाली माणूस असतो. आता तो उजेड पुन्हा त्याच्यासमोर जाता कामा नये. दिवा फोडून टाक, म्हणाला. आणि रुचिताला इतक्यात सांगू नकोस, ती ऐकून घरी बसणाऱ्यातली नाही, सरळ बघायला जाईल. मी तिला नीट समजावतो.

मी समजावतो. मी.

तो गेल्यावर बराच वेळ मी तेच घोकत बसलो. उन्हाळ्यापासून एवढी मोठी गोष्ट स्वतःजवळ ठेवली, आणि आता माझा दिवा फोडा. फोडायचाच झाला तर माझाच का?

२१ नोव्हेंबर

रुचिताला सांगितलं. सगळं. हेरंबने उन्हाळ्यापासून तुझ्यापासून लपवलं, हे सगळ्यात आधी सांगितलं. सावध राहा, हे शेवटी सांगितलं, आणि हळू सांगितलं.

ती लाल झाली. म्हणाली, प्रोजेक्ट माझा आहे, आणि हा मला बच्चा समजतो? डोळ्यांत पाणी होतं तिच्या. मला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त बरं वाटलं. माझा दिवा तिच्याचकडे आहे. मागून घ्यायला हवा होता. पण परत घेतला तर हेरंबचं ऐकल्यासारखं झालं असतं.

२३ नोव्हेंबर

सकाळी तिचा मेसेज आला. टाकीवर जातेय, अकेली, कोणाला सांगू नकोस. फोटो घेतल्याशिवाय येणार नाही. खाली आणखी एक ओळ होती: तुझाच दिवा नेतेय, त्याचा नाही.

मी ती ओळ किती वेळा वाचली. पोहे गार झाले. काकूंनी विचारलं की असा का हसतोयस एकटाच.

दुपारपासून तिचा फोन लागत नाही.

नंतर: हेरंबला सांगायलाच लागलं. इतका वेळ का थांबलो ते त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

२४ नोव्हेंबर

काल अंधार पडता पडता आम्ही टाकीवर पोचलो. तिची स्कूटी झाडाखाली होती, झाकण उघडं. रुचिता ऑफिसात ठेवून गेलेला स्वतःचा दिवा बांधून हेरंब एकटा उतरला, मला झाकणापाशी थांबायला सांगितलं. मी थांबलो. भीती वाटली म्हणून थांबलो, त्याचं ऐकलं म्हणून नाही.

वर आला तेव्हा त्याच्या हातात तिची पाठपिशवी होती. पट्टे फाटलेले. रुचिता नाही. दिवा नाही. आणि छतावर तिसऱ्या खांबांपलीकडची जागा आता मोकळी राहिलेली नाही, म्हणाला. वटवाघळं तिथेही बसायला लागली आहेत.

ते कळायला मला वेळ लागला. ते तिथे नाही, असा त्याचा अर्थ.

आज पोलीस दिवसभर मोठे पांढरे दिवे घेऊन आत होते. काही नाही. तिचे आईवडील बाहेर दगडावर बसून होते. हेरंब त्यांच्याजवळ बसला, तिच्या आईने त्याचा हात धरला होता. माझी ओळख त्यांना नव्हतीच.

२६ नोव्हेंबर

दिल्लीत किती लाल दिवे आहेत. आजवर लक्षच गेलं नव्हतं. संध्याकाळी धुरकं उतरतं, गाड्या ओळीने ब्रेक दाबतात आणि सगळा रस्ता त्याच लालाने भरतो. माझ्याच लालाने. बसमध्ये डोळे मिटून बसलो.

क्वार्टरमागच्या कडुनिंबांत एक लाल ठिपका होता. स्कूटर असेल. पण स्कूटर झाडावर—

नीट पाहिलं तेव्हा नव्हता.

२७ नोव्हेंबर

काका-काकू पानिपतला गेले, केतकीकडे, त्यांच्या मुलीकडे. रविवारी येतील. मला चल म्हणत होते. नाही म्हटलं. रुचिता आली तर आधी इथेच येईल, हेरंबकडे नाही.

हेरंब येऊन गेला. त्यालाही दिसला होता ठिपका, त्याच्या गल्लीत. त्याने स्वतःचा दिवा मला दिला. घरातला एकही दिवा लावू नकोस, हाच लाव, याच्यात तू त्याला दिसणार नाहीस. मी विचारलं, तुला? म्हणाला, मी अंधारात बसेन.

असा चांगुलपणा. आताही. मला त्याचा राग येतोय, आणि दिवा मी घेतला.

२८ नोव्हेंबर

बत्ती गुल. सगळी कॉलनी काळी. साडेसहाच वाजलेत, पण धुरक्यात रात्रच. हेरंबच्या दिव्यात लिहितोय. अक्षरं जेमतेम दिसतात. याला उजेड म्हणायचं.

जिन्यात कोणीतरी आहे.

पावलं नाहीत. घासल्यासारखं. ओलं कापड पायऱ्यांवरून ओढावं तसं. पहिल्या मजल्यावर थांबलं. पुन्हा—

लाल उजेड. माझा. भिंतीवर पडलाय, लख्ख, कॅलेंडरवरच्या तारखा इथून वाचता येताहेत. आणि लवतोय. डावीकडचा खालचा. डाग कोरडा. हा दिवा मी कुठेही ओळखेन.

तिने माझाच घातलाय. त्याचा नाही.

हेरंबचा फोन. खाली गेटवर आलाय. दार उघडू नकोस, म्हणतोय. रडतोय. मी विचारलं, तुला दिसली ती? म्हणाला, ती नाही मानस, ती नाही— मी फोन ठेवला. त्याला हवंय की मी उघडू नये. मी नाही उघडलं तर ती खाली जाईल. त्याच्याकडे.

नाही जाऊ द्यायची.

कडी काढून आलो. दार लोटलेलं आहे. त्याचा दिवा विझवतो, तिने मला याच्या उजेडात बसलेला बघायला नको. आता माझ्याच उजेडात लिहितोय. स्वच्छ दिसतंय. किती चांगला बनवला होता मी—

उजेड हलत का नाही? दाराखालच्या फटीत तर अंधार आहे. वरून येतोय. झरोक्यातून. काचेला टेकून, सरळ आत, माझ्या वहीवर. पण रुचिता तर माझ्या खांद्यालाही—